फणसावर पडलेलं घर

आमच्या घरावर आजवर एकदाही झाड पडलेलं नाही. झाडावर मात्र आमचं घर एकदा पडलं आहे.

आता सगळं घर पडलं असं म्हणणं म्हणजे अतिशयोक्ती झाली. पडला तो फक्त पोर्च. पण तो मी स्वतः डिझाइन केलेला असल्यामुळे मला तेव्हा सगळं घर पडल्यासारखंच वाटलं होतं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. बोरिवलीत तेव्हा आमचं बैठं घर होतं. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, वर मंगलोरी कौलं आणि अंगणात एक फणस. घर माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, गिरणीतल्या नोकरीत पोटाला चिमटे काढून बांधलं होतं. फणस आईचा. घराचा पाया खणला जात होता तेव्हा आईने गावाहून आणलेल्या फणसातली एक आठळी तिथेच मातीत खोचली होती. घर आणि झाड बरोबरच वर आले. घर एका मजल्यावर थांबलं. झाडाला थांबायचं ठाऊक नव्हतं.

आई गेली त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. नाना त्याबद्दल कधी बोलत नसत. पण रोज सकाळी दात घासताना ते फणसापाशी जाऊन उभे राहत आणि तोंडात मशेरी असल्यामुळे कुणालाही कळणार नाही असं काहीतरी पुटपुटत. आम्हीही विचारायचो नाही.

अशा या सुखी कुटुंबात माझी स्कूटर आली.

नंबर लावून सात वर्षं झाली होती. नंबर लावला तेव्हा मी ब्रह्मचारी होतो आणि मागे कुणीतरी बसावं अशी स्वप्नं पाहत होतो. स्कूटर आली तेव्हा मागे बसणारी शैला घरात येऊन पाच वर्षं झाली होती आणि तिला स्कूटरवर बसल्यावर चक्कर येत होती! असो. स्कूटर उन्हापावसात ठेवायची नाही म्हणून मी पोर्च बांधायचा ठरवला.

इथे एक खुलासा करायला हवा. मी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. रोज आठ तास नट आणि बोल्ट काढायचो. (कधीमधी वॉशरही.) पण टी-स्क्वेअर हातात धरणाऱ्या माणसाला आपण धरणसुद्धा बांधू शकू असं मनातून वाटत असतं. मी रविवारी बसून पोर्चचा प्लॅन, एलिव्हेशन आणि सेक्शन काढला. दोन विटांचे खांब, वर लाकडी वासे, त्यावर सिमेंटचे पत्रे. परवानगीबिरवानगीच्या भानगडीत पडलो नाही. आपल्याच अंगणात आपणच दोन खांब उभे करायचे, त्यात कुणाला काय विचारायचं?

नानांनी तयार पोर्चकडे खालून वर आणि वरून खाली पाहिलं.

"मांडव बरो झालो," ते आपल्या मालवणीत म्हणाले. "लगीन कोणाचा?"

"नाना, हा पोर्च आहे. परमनंट स्ट्रक्चर."

"खांबाक पायो खंय?"

"कॅल्क्युलेशन केलंय मी. लोड एवढं नाहीच आहे."

नानांनी एका खांबाला बोटाने हलकेच टिचकी मारली आणि आत निघून गेले. मला त्या टिचकीचा फार राग आला.

पण खरी पंचाईत पोर्चची नव्हती, फणसाची होती. पोर्चपासून तो जेमतेम आठ फुटांवर, आणि त्याची एक जाडजूड फांदी नेमकी स्कूटरकडे झुकलेली. त्या फांदीला त्या वर्षी पाच फणस लागले होते. एकेक फणस आमच्या गॅसच्या सिलिंडरएवढा. मला रात्रंदिवस एकच दृश्य दिसायचं: फणस सुटतो, पत्रा फोडतो आणि माझ्या सात वर्षांच्या तपश्चर्येवर येऊन बसतो.

म्हणून एप्रिलमध्ये मी नानांना न सांगता वॉर्ड ऑफिसात अर्ज देऊन आलो. 'सदर वृक्ष धोकादायक असून तो तोडण्याची परवानगी मिळावी.' नानांना ते कळलं ते शेजारच्या पेडणेकरकडून. हा पेडणेकर माझा शाळेपासूनचा दोस्त, आणि गुपित ठेवण्याच्या बाबतीत भोंगा.

नाना भांडले नाहीत. त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढंच. संध्याकाळी मला म्हणाले, "तुझ्या आवशीन रुजवलेलो आसा तो."

मला लाज वाटली. खरंच वाटली. पण अर्ज काही मी मागे घेतला नाही, कारण त्याच वेळी खिडकीतून मला स्कूटर दिसत होती.

जून उजाडला. आठवडाभर पाऊस पडला, मग दोन दिवस कडक उघडीप. आणि एका सकाळी पेडणेकर कानाला ट्रान्झिस्टर लावूनच आमच्या फाटकातून आत आला.

"बाळ्या, वाट लागली! चक्रीवादळ येतंय."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? इथे! रेडिओवर सांगितलं ना आत्ता. उद्या दुपारी किनाऱ्याला धडकणार. झाडं पडणार, पत्रे उडणार, पाणी भरणार. वारा पश्चिमेकडून." एवढं बोलून त्याने फणसाकडे पाहिलं, मग फणसाच्या पूर्वेला पाहिलं. पूर्वेला त्याचं स्वयंपाकघर होतं. "ए, म्हणजे हा तुझा फणस माझ्या किचनवर येणार की!"

"काही येत नाही रे."

"येऊ दे ना! मला नवीन ओटा हवाच आहे. कडप्प्याचा. तू बांधून देशील."

नाना आतून बाहेर आले. "फणस पडाचो नाय," ते म्हणाले. "तीस वर्सा वारो खाता तो."

"काका, हे साधं वारं नाही. चक्रीवादळ आहे."

मग नानांनी पेडणेकरसमोर मला शब्द दिला. "ह्या वादळात फणसान कोणाचा एक कौल जरी फोडल्यान, तर कोयतो मीच तुझ्या हातात देतंय. नाय फोडल्यान, तर तू तो अर्ज परत आणून फाडूचो. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. म्हणजे आईच्या फणसाचं काय व्हायचं ते आता वाऱ्याच्या हातात होतं. नाना आत गेले ते थेट आईच्या फोटोखाली जाऊन बसले.

खरं तर मी आता स्वस्थ बसायला हवं होतं. झाड पडलं तर माझं काम फुकटात होणार, नाही पडलं तर घरात शांतता. पण कडप्प्याचा ओटा माझ्या डोक्यातून जाईना. आणि स्वस्थ बसणं हे आमच्या ड्रॉइंग ऑफिसात शिकवलेलंच नव्हतं. मी रजा टाकली आणि तयारीला लागलो.

पहिली तयारी शैलाने केली. तिने घरातलं प्रत्येक भांडं पाण्याने भरलं. बादल्या, कळशा, पातेली, डबे, लोट्या. शेवटी चहाचे कपसुद्धा!

"अगं, पूर येणार म्हणतात, दुष्काळ नाही."

"पुरात नळाला पाणी येतं का? तुम्ही तुमचं बघा."

मग रॉकेल, मेणबत्त्या, काडेपेट्या. पावाच्या सहा लाद्या. (वादळात माणसाला एवढी भूक लागते हे मला ठाऊक नव्हतं.) मी कौलांवर दगड ठेवायला चढलो आणि तीन कौलं फोडून खाली उतरलो. नाना खालून म्हणाले, "ही फणसाच्या खात्यात मांडू नको हां."

मग स्कूटर आत घ्यायचं ठरलं. पोर्च भक्कम होताच, पण उगाच परीक्षा कशाला? मी आणि पेडणेकरने ती उंबऱ्यावरून ढकलत बाहेरच्या खोलीत आणली. दिवाण भिंतीला उभा करावा लागला. नानांची आरामखुर्ची स्वयंपाकघरात गेली. खोलीभर पेट्रोलचा वास. आमच्या घरात चांगला पाहुणा आला तरी त्याला एवढी जागा मिळत नसे.

"आता ही झोपणार कुठे आणि आम्ही कुठे?" शैलाने विचारलं.

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

पुढे ती तिथे सतरा दिवस राहिली. पण ते नंतर.

राहता राहिला फणस. वारा पश्चिमेकडून, म्हणजे झाड पूर्वेला पडणार. तेव्हा त्याला पश्चिमेकडून ताणून धरायला हवं. आणि पश्चिमेला, फणसापासून आठ फुटांवर, ईश्वरकृपेने काय होतं? माझा पोर्च! दोन खांब, जणू याच कामासाठी उभे केलेले! मी कागदावर बाण काढून पेडणेकरला फोर्स समजावून सांगितला. त्याला काही कळलं नाही, पण तो "झकास" म्हणाला.

दोराचं काय? माळ्यावर नानांचं सुंभाचं वेटोळं होतं. सुंभ म्हणजे नारळाच्या काथ्याचा दोर. नानांनी तो गावाहून आणून वर्षानुवर्षं जपून ठेवला होता. कोकणातल्या माणसाला घरात सुंभ नसला तर बरं वाटत नाही. मी वेटोळं खाली फेकलं तेव्हा नाना लगबगीने आले.

"अरे बाळू, माका एक सांगूचा आसा. ह्यो सुंभ..."

"नाना, मजबूत आहे, मी बघितलं ओढून."

"मजबूत आसाच रे. पण सुंभ बांधताना..."

"नाना, प्लीज. हे इंजिनिअरिंग आहे. नंतर बोलू."

गावी नानांनी होड्या बांधल्या होत्या, छपरं आवळली होती. आणि मी आयुष्यात फक्त बुटाची नाडी बांधली होती. ही गोष्ट मला त्या वेळी आठवली असती तर बरं झालं असतं.

फणसाच्या बुंध्याला दोन वेढे, तिथून एक दोर या खांबाला आणि एक त्या खांबाला. पेडणेकर आणि मी लटकून, पाय रोवून दोर ओढले. तरी मला समाधान होईना. दोर तारेसारखा वाजायला हवा! तेव्हा मला एक कल्पना सुचली. दोन्ही दोर मधोमध एकत्र घ्यायचे, त्यात दांडकं घालायचं आणि पीळ देत जायचं. दांडकं हाताशी नव्हतं म्हणून मी स्वयंपाकघरातून शैलाचं लाटणं उचललं.

"अहो, लाटणं कुठे नेताय? पोळ्या कशाने लाटू?"

"सहा लाद्या पाव आहेत घरात!"

बारा पीळ दिले. तेराव्याला खांबातून थोडी भुकटी पडली. ती मी रंगाची समजलो. लाटणं सुतळीने पक्कं बांधून टाकलं. दोराला टिचकी मारली तर टण्ण वाजलं. खांबावरच्या त्या टिचकीची परतफेड म्हणून मी नानांकडे पाहिलं. नानांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मशेरीची डबी काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सज्ज होऊन बसलो. मी, शैला, नाना, स्कूटर, आणि भरलेल्या भांड्यांमधून उड्या मारत ट्रान्झिस्टर घेऊन आलेला पेडणेकर. (त्याच्या मते वादळात माणसाने भक्कम घरात असावं. शिवाय त्याच्या घरात पाव नव्हता.) दारं-खिडक्या बंद. एक खिडकी बोटभर उघडी, तिथे नाना. ते फणसावरून नजर हलवत नव्हते.

"सुरू झालं का?" दर पाच मिनिटांनी मी विचारायचो.

"पाऊस येता. बारीक."

"आणि वारा?"

"वारो नाय."

दोन वाजले. पाऊस भुरभुर पडत होता. अडीच वाजले. भुरभुर. मी खिडकीशी जाऊन पाहिलं. फणसाचं एक पान हलत नव्हतं. रस्त्यावरून एक माणूस छत्री उघडून, आरामात, कोथिंबिरीची जुडी घेऊन चालला होता. मला त्याचा संताप आला. काही शिस्त आहे की नाही लोकांना!

तीन वाजता पेडणेकर ओरडला, "वळलं! वादळ वळलं! रेडिओवर सांगतायत. वर गुजरातच्या बाजूला सरकलं, आपल्याकडे काही नाही!"

शैलाने देवाला हात जोडले आणि चहाचं आधण ठेवायला गेली. (त्यासाठी आधी कपातलं पाणी ओतून टाकावं लागलं.) नानांनी इतका मोठा श्वास सोडला की पडदा हलला. त्या दिवसातला आमच्या घरातला तेवढाच वारा.

"फणस ऱ्हवलो," नाना म्हणाले. "आता अर्ज फाड."

मी काही बोलणार, एवढ्यात बाहेर आवाज झाला. कर्रर्र.

"काय रे ते?" पेडणेकरने विचारलं.

"बाळू," नाना खिडकीतून म्हणाले, "सुंभ..."

"नाना, वादळ गेलं! आता तरी सुंभाचं पुराण..."

कर्रर्रर्र.

मी दार उघडलं. माझ्या डोळ्यांसमोर डावा खांब फणसाकडे वाकला. म्हणजे अगदी वाकून नमस्कार केल्यासारखा वाकला. मग उजव्याला एकट्याने उभं राहणं बरं वाटलं नसावं. तोही निघाला. वासे, पत्रे, सगळं छप्पर एकसंध पुढे सरकलं, खांबांच्या विटा दारातच ढासळल्या, आणि माझा पोर्च, प्लॅन, एलिव्हेशन आणि सेक्शनसकट, आठ फूट चालत जाऊन फणसाच्या बेचक्यात बसला!

फणस एकदा हलला. मग थांबला. जणू काही झालंच नाही.

वाऱ्याची एक झुळूक नव्हती.

चहा हातात घेऊन शैला बाहेर आली, तिने अंगणाकडे पाहिलं आणि विचारलं, "माझं लाटणं कुठंय?"

आणि तेव्हा नानांनी कालपासून अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलं.

"सुंभ भिजलो की आवळता," ते शांतपणे म्हणाले. "म्हणान तो ढिलो बांधूचो असता. मी ताच सांगत होतंय."

एवढ्यात फांदीवरचा एक पिकलेला फणस सुटला आणि धाडकन एका पत्र्यावर आदळला. पत्र्याचे दोन तुकडे झाले. बुडत्याला काडी सापडावी तसा मी त्याच्यावर झडप घालून ओरडलो, "बघा! बघा नाना! फणसाने पत्रा फोडला! ठरल्याप्रमाणे..."

"मेल्या," नाना म्हणाले, "फणस पत्र्यार गेलो की पत्रो फणसाकडे इलो?"

पेडणेकर खाली बसून हसत होता. त्याच्या स्वयंपाकघराचं कौलसुद्धा हललं नव्हतं. संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली येऊन बघून गेली. एका बाईंनी तर फुलं आणली होती. त्यांना वाटलं, झाडाखाली कुणीतरी देऊळ बांधतंय.

दारात विटांचा ढीग, वर लोंबकळतं छप्पर. आम्ही मागच्या दाराने ये-जा करू लागलो. स्कूटर आतच राहिली. नाना तिच्या सीटवर बसून पेपर वाचायला लागले.

पण माझं नशीब एवढ्यावर थांबणारं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकात एक गृहस्थ आले. खाकी पिशवी, हातात फाइल, पायांत गमबूट.

"झाडाचा अर्ज कुणी केलाय?"

एप्रिलपासून दुसऱ्या कुठल्याही दिवशी आले असते तरी चाललं असतं!

"मी," मी म्हटलं. नाना दातांवर बोट ठेवून जागच्या जागी उभे राहिले. तोंडातली मशेरी थुंकायचंही त्यांना सुचेना. अर्ज मागे घ्यायला मी अजून गेलोच नव्हतो. कागद जिवंत होता, आणि फणसाचं मरण त्या फाइलीत होतं.

साहेबांनी अर्ज वाचला. "सदर वृक्ष धोकादायक." मग मान वर करून पाहिलं. फणसाभोवती एक फेरी मारली. बुंधा वाजवला. मुळं पाहिली. मग लोंबकळणारं छप्पर पाहिलं, दोर पाहिला, आणि दोराच्या मधोमध अडकलेल्या लाटण्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"हे काय आहे?"

"लाटणं," मी म्हटलं.

"ते दिसतंय. वरचं काय आहे?"

"पोर्च."

"झाडावर?"

"आधी खाली होता."

"वादळात उडाला?"

"वादळ आलं नाही ना साहेब," पेडणेकर कुंपणावरून मदतीला धावला. "यानेच बांधला, यानेच ओढून पाडला!"

"बांधकामाची परवानगी?"

यावर मी फणसाकडे पाहिलं. फणसानेही काही उत्तर दिलं नाही.

नाना पुढे आले. चूळ भरून, सदरा घालून. हातात थाळी, थाळीत त्याच पत्र्यावर पडलेल्या फणसाचे पिवळेधमक गरे. "सायबांनू, गरे खावा," ते म्हणाले. "कापो आसा. हेच्या आवशीन लावलेलो."

साहेबांनी एक गरा खाल्ला. मग दुसरा. मग फाइल काखेत मारून दोन्ही हातांनी तिसरा. निघताना म्हणाले, "झाड ठणठणीत आहे. आणि सध्या तुमचं छप्पर त्याच्याच जिवावर उभं आहे. त्याला हात लावला तर बघा."

नाना फणसापाशी गेले, बुंध्यावर तळहात ठेवला आणि पुटपुटले. त्या दिवशी तोंडात मशेरी नव्हती म्हणून मला ऐकू आलं. "बघलंस गो?" एवढंच म्हणाले. मी पटकन विटा उचलायला लागलो, कारण माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पेडणेकर कुंपणावर होता.

पंधरा दिवसांनी पाहणी अहवालाची नक्कल घरी आली. मी आंघोळीला गेलो होतो. नानांनी चष्मा शोधायचीही वाट पाहिली नाही, शैलाला मोठ्याने वाचायला लावलं, अगदी मला मोरीत ऐकू येईल असं.

"'वृक्षाची स्थिती: उत्तम. वृक्ष तोडण्याची आवश्यकता: नाही. अनधिकृत बांधकाम: स्वतःहून पडले. आजूबाजूस धोका आहे काय: होय.'" इथे ती थांबली.

"पुढे वाच गो," नाना म्हणाले.

"'धोक्याचे कारण: अर्जदार.'"

तो कागद नानांनी फ्रेम करून आईच्या फोटोखाली लावला. खिळा त्यांनी स्वतः ठोकला. मला हातोडी दिली नाही.